एकाचं पाप, दुसऱ्याचं मरण? ख्रिस्ती प्रायश्चित्त समजून घेताना

माणसांच्या पापांसाठी देवाचा पुत्र येशू क्रुसावर मेला, असं ख्रिस्ती लोक मानतात. या श्रद्धेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी एक मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. चोरी एकाने केली आणि फासावर दुसऱ्याला चढवलं, तर त्याला न्याय कसा म्हणायचा? त्यातही शिक्षा देणारा देव आणि शिक्षा भोगणारा त्याचाच निष्पाप पुत्र असेल, तर त्या देवाला प्रेमळ तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं? हा प्रश्न बाहेरचेच विचारतात असं नाही. गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत बसलेल्या कितीतरी ख्रिस्ती माणसांच्या मनात तो येऊन जातो, पण तिथे विचारायचा कसा, या संकोचाने ते गप्प राहतात. विचारलाच तर बहुतेकदा ‘ही श्रद्धेची बाब आहे’ असं सांगून विषय मिटवला जातो. मला हे उत्तर अपुरं वाटतं. ज्या धर्मविचाराने या प्रश्नावर जवळपास दोन हजार वर्षं डोकं झिजवलं, त्याच्याकडे यापेक्षा बरंच काही सांगण्यासारखं आहे.

आपल्याकडे प्रायश्चित्त कुणी करायचं हे ठरलेलं असतं. ज्याने पाप केलं, त्याने. धर्मशास्त्रांत सांगितलेली कृच्छ्र, चांद्रायण ही व्रतं पाप करणाऱ्याने स्वतः करायची असतात. चांद्रायणात तर चंद्राच्या कलांप्रमाणे रोजचे घासही कमीजास्त करायचे. ख्रिस्ती विचारात नेमकी इथेच दिशा पालटते. ज्याच्याविरुद्ध अपराध घडला, तोच प्रायश्चित्ताचा भार उचलतो. वरचा आक्षेप समजून घ्यायचा असेल, तर हे एक वाक्य हाताशी ठेवावं लागतं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. चर्चने इतर अनेक बाबतींत नेमक्या शब्दांत सिद्धांत ठरवले. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, हे ३२५ साली निकयाच्या परिषदेत ठरलं. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, हे ४५१ साली खाल्कदोनच्या परिषदेत नेमकेपणाने मांडलं गेलं. पण क्रुसावरच्या मरणाने पाप कसं दूर होतं, याची एकच अधिकृत व्याख्या प्राचीन सार्वत्रिक परिषदांपैकी एकीनेही केली नाही. निकयाच्या श्रद्धांगीकारात ‘आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ एवढं म्हणून पुढे जातात. त्यामुळे प्रायश्चित्ताचा एकच ख्रिस्ती सिद्धांत आहे असं कुणी ठासून सांगितलं, तर तो अनेक सिद्धांतांपैकी एक सांगत असतो.

लेवीय, अध्याय १६

सुरुवात जुन्या करारापासून, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागापासून करावी लागते, आणि तिथे थोडं थांबावं लागतं, कारण बरेचसे गैरसमज याच ठिकाणी जन्मतात.

इस्राएली पंचांगाच्या सातव्या महिन्याचा दहावा दिवस हा प्रायश्चित्ताचा दिवस. यहुदी लोक त्याला आजही योम किप्पूर म्हणतात. त्यातल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात त्याचा विधी सविस्तर दिला आहे. प्रमुख याजक स्नान करून साधी तागाची वस्त्रं घालतो. आधी तो स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करतो. लोकांसाठी उभा राहणाराही पापीच आहे, याचा विसर पडू दिला जात नाही. मग दोन बकरे आणले जातात. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी आणि दुसरा अजाजेलासाठी, म्हणजे रानात सोडण्यासाठी ठरतो. पहिल्याचा वध होतो. त्याचं रक्त घेऊन याजक पडद्याआड, परमपवित्रस्थानात जातो. तिथे जायची मुभा वर्षातून या एकाच दिवशी, आणि तीही तिथला कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, धूपाच्या धुराने झाकून. तो दयासनावर, म्हणजे त्या पेटीच्या झाकणावर, आणि दयासनापुढे रक्त शिंपडतो. बाहेर आल्यावर दुसऱ्या, जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून तो लोकांचे सगळे अपराध कबूल करतो, आणि त्या बकऱ्याला रानात सोडून दिलं जातं.

आता बारकाईने पाहा. ज्या बकऱ्याच्या डोक्यावर पापं ठेवली, त्याला मारत नाहीत. ज्याला मारतात, त्याच्यावर पापांची कबुली दिलेली नसते. ‘आमची शिक्षा या जनावराला दे’ असं या विधीत कुठेच म्हटलेलं नाही. मग रक्त कशासाठी? अध्यायच त्याचं उत्तर देतो: पवित्रस्थान शुद्ध करण्यासाठी. लोकांच्या पापाचा मळ देवाच्या निवासमंडपापर्यंत पोचतो, आणि पवित्र देव अशुद्धतेत वस्ती करत नाही. देवाने लोकांमध्ये राहावं म्हणून तो मळ धुवायचा, आणि धुवायचा तो जीवनाने. पुढच्याच अध्यायात सांगितलं आहे की प्राण्याचा जीव रक्तात असतो, आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी मीच तुम्हाला दिलं आहे, असं देव म्हणतो. देणारा देव आहे. रागावलेल्या देवाला माणसांनी काहीतरी चारून शांत करावं, असं चित्र इथे नाही. दुरावा मिटवायची वाट देवच काढून देतो.

या व्यवस्थेला आपल्या मर्यादाही ठाऊक होत्या. पापार्पणं मुख्यतः नकळत घडलेल्या पापांसाठी होती. उद्दामपणे, हात उगारून केलेल्या पापाला गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात अर्पणाची सोय नाही. दावीद राजाने उरीयाची बायको बळकावली आणि उरीयाला लढाईत पुढे उभं करून मारवलं. त्या प्रसंगाशी जोडल्या गेलेल्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात प्रार्थना करणारा सरळ सांगतो की यज्ञबली तुला नको आहेत, नाहीतर मी दिले असते. माझ्याजवळ आहे ते भंगलेलं मन. म्हणजे सगळ्यांत भारी पापापाशी येऊन बकऱ्या-गोऱ्ह्यांची ही सगळी व्यवस्था थांबते आणि पुढे काय, हा प्रश्न उघडा राहतो. ख्रिस्ती लोक येशूचं मरण वाचतात ते या उघड्या राहिलेल्या जागी.

शिष्यांनी काय पाहिलं

येशू मेला तो वल्हांडणाच्या सणात. प्रायश्चित्ताच्या दिवसाला तेव्हा अवकाश होता. वल्हांडण हा सुटकेचा सण, मिसरच्या गुलामगिरीतून बाहेर पडल्याचा. त्यामुळे पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात दोन्ही सण एकत्र आले. कधी येशू वल्हांडणाचा कोकरा, कधी प्रायश्चित्ताचं अर्पण. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तो एकाच वेळी प्रमुख याजकही आहे आणि अर्पणही. स्वतःचं रक्त घेऊन तो एकदाच आत गेला, आणि दर वर्षी पुन्हा जायची गरज उरली नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशू स्वतः म्हणतो की मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहे. पहिल्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल कधी कोर्टाची भाषा बोलतो, कधी गुलामांच्या बाजाराची, कधी वैऱ्यांमधल्या समेटाची. कलस्सैकरांस लिहिताना तर एका दमात दोन चित्रं येतात: आपल्यावरचा कर्जरोखा क्रुसाला खिळून रद्द केला, आणि लगेच पुढे, सत्ताधाऱ्यांना नागवं करून त्यांची जाहीर धिंड काढली.

ही सगळी चित्रं एकाच मापात बसवायचा मोह टाळलेला बरा. पाप हे कर्ज असेल तर ते फेडावं लागेल. डाग असेल तर धुवावा लागेल. गुलामी असेल तर सोडवणूक हवी, गुन्हा असेल तर निकाल हवा, आजार असेल तर उपचार हवेत. पाप म्हणजे काय हे आधी कळल्याशिवाय प्रायश्चित्त कळत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांना हे पक्कं ठाऊक असणार. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं आणि १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं. येशूची कथा सांगायची असूनही त्यांनी पहिला भाग ‘आदिपुराण’ म्हणून जगाच्या उत्पत्तीला, आदामाच्या पतनाला आणि जुन्या कराराला दिला. रोग सांगितल्याशिवाय औषधाची गोष्ट सांगता येत नाही.

खंडणी कुणाला दिली?

पहिल्या हजार वर्षांत सगळ्यांत जास्त चाललेलं चित्र सुटकेचं होतं. माणूस पापाने सैतानाच्या ताब्यात गेला, आणि ख्रिस्ताने आपला जीव देऊन त्याला सोडवलं. तिसऱ्या शतकात ओरिजेनने खंडणी सैतानाला दिली असं सुचवलं. चौथ्या शतकात नीसाच्या ग्रेगरीने ते आणखी रंगवलं: ख्रिस्ताचं मानवी शरीर हे आमिष, त्याखाली दैवी सामर्थ्याचा गळ, सैतानाने आमिष गिळलं आणि तोच अडकला. हे चित्र ऐकायला छान आहे, पण देवाने फसवाफसवी करावी हे अनेकांना रुचलं नाही. त्याच काळातल्या नाझियानझसच्या ग्रेगरीने रोखठोक विचारलं की खंडणी कुणाला दिली? सैतानाला? त्या लुटारूला देवाकडून मोबदला मिळावा, ही कल्पनाही लाजिरवाणी. मग पित्याला? पण पित्याने तर आपल्याला कोंडून ठेवलं नव्हतं, आणि अब्राहामाने अर्पायला काढलेला इसहाकही ज्याने घेतला नाही, त्याला आपल्या पुत्राच्या रक्तात आनंद कसा वाटेल? मला वाटतं, या एका प्रश्नाने पुढच्या सगळ्या चर्चेला शिस्त लावली.

आन्सेल्मचा हिशोब

आन्सेल्म मूळचा इटलीतल्या आओस्टाचा, नॉर्मंडीतल्या बेकच्या मठाचा प्रमुख, आणि १०९३ पासून इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप. राजा दुसऱ्या विल्यमशी त्याचं बिनसलं आणि त्याला देश सोडावा लागला. त्या परागंदा काळात, १०९८ साली, त्याने इटलीत एक पुस्तक पूर्ण केलं. देव मनुष्य का झाला, हा त्याचा विषय. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. बोसो नावाचा त्याचा शिष्य प्रश्न विचारतो आणि आन्सेल्म उत्तरं देतो. आपण सुरुवातीला घेतलेला आक्षेप बोसो अजिबात सौम्य न करता मांडतो: सगळ्यांत नीतिमान माणसाला पाप्यासाठी मरायला देणं, हा कुठला न्याय?

आन्सेल्म सैतानाचा हक्कच नाकारतो. चोराचा चोरीच्या मालावर हक्क नसतो, तसा सैतानाचा माणसावर नाही. मग अडचण कुठे आहे? माणसाने देवाला जे द्यायचं होतं, ते दिलं नाही, यात. त्या काळच्या सरंजामी युरोपात मालकाचा मान राखणं म्हणजे सगळी घडी राखणं होतं, आणि आन्सेल्म त्या भाषेत बोलतो. देवाच्या स्वतःच्या वैभवात माणसाच्या पापाने काही कमी होत नाही, हे तो स्पष्ट करतो. पण विश्वाची घडी आणि तिचं सौंदर्य विस्कटतं. देवाने नुसतं ‘जाऊ दे’ म्हटलं, तर न्याय आणि अन्याय यांत काही फरकच उरणार नाही. म्हणून एक तर भरपाई व्हावी, नाहीतर शिक्षा.

इथे बोसो म्हणतो, मी पश्चात्ताप करतो, उपास करतो, आज्ञा पाळतो, हे देवाला देतोच की. आन्सेल्म विचारतो, यातलं कोणतं तू आधीच देणं लागत नव्हतास? मग तो एक विलक्षण प्रश्न टाकतो. समज, कुणी म्हणालं, तिकडे बघ, आणि देव म्हणाला, बघू नकोस. तू नजर वळवली नाहीस तर सगळं जग नष्ट होणार आहे. बघशील? बोसो बराच चाचपडतो आणि शेवटी कबूल करतो की जग वाचवायलाही देवाच्या इच्छेविरुद्ध एक नजर टाकणं योग्य ठरणार नाही. आन्सेल्म म्हणतो की पापाचं वजन किती, याचा विचार तू अजून केलेलाच नाहीस. मला स्वतःला हा दाखला अंगावर येतो. जग बुडत असताना नजर न वळवणारा माणूस मला पवित्र वाटत नाही. पण आन्सेल्मला काय दाखवायचं आहे ते कळतं: पाप मोजायचं ते कृती किती लहान यावरून नव्हे, ती कुणाविरुद्ध झाली यावरून.

पुढची पायरी सरळ आहे. भरपाई माणसाने द्यायला हवी, कारण चूक त्याची. पण ती देऊ शकतो फक्त देव, कारण ती सगळ्या सृष्टीहून मोठी आहे. म्हणून देणारा देवही हवा आणि मनुष्यही. ख्रिस्त निष्पाप असल्याने तो मरण देणं लागत नव्हता; त्याने ते आपण होऊन दिलं. पित्याने त्याच्यावर मरणाची सक्ती केली नाही, यावर आन्सेल्म फार भर देतो. आणि त्याच्या दृष्टीने भरपाई आणि शिक्षा या एकमेकींना पर्याय आहेत. म्हणजे पित्याने पुत्राला शिक्षा केली, असं आन्सेल्म म्हणतच नाही. हे बहुतेक लोक विसरतात.

त्याच्यानंतरच्याच पिढीतल्या पीटर अबेलार्डला हा हिशोबच खटकला. निष्पापाचं रक्त किंमत म्हणून मागणं किती क्रूर, असं त्याने रोमकरांस पत्रावरच्या भाष्यात लिहिलं. त्याच्या मते क्रूस देवाचं प्रेम आपल्यापुढे उघडं करतो, आणि ते पाहून आपलं मन देवाकडे वळतं. क्लेअरवोच्या बर्नार्डने त्याच्यावर जोरदार टीका केली. अबेलार्डचं म्हणणं मनाला भिडतं, पण एकटं उभं राहत नाही. पुरात कुणी बुडत असताना त्याला काढायला उडी मारून जीव गमावणारा प्रेम दाखवतो. काठावर सगळे सुखरूप असताना केवळ प्रेम दाखवायचं म्हणून पुरात उडी मारली, तर त्याला प्रेम म्हणता येणार नाही. क्रुसाने काहीतरी खरोखर घडवलं असेल, तरच त्यातून प्रेम दिसतं.

कोर्टातला क्रूस

आज ‘येशूने आपली शिक्षा भोगली’ हे वाक्य जे सर्वत्र ऐकू येतं, त्याला ठाशीव रूप मिळालं सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत. त्याची बीजं जुनी आहेत. यशयाच्या ५३व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक इतरांच्या अपराधांसाठी घायाळ होतो, आणि पौल गलतीकरांना लिहितो की ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला. ल्यूथरने हे शब्द त्यांच्या पूर्ण जोराने घेतले. जॉन कॅल्विनने ऑर्लेआं आणि बूर्जला कायद्याचं शिक्षण घेतलं होतं, आणि ते त्याच्या लिखाणात जाणवतं. येशूचा खून दरोडेखोरांनी केला नाही की तो दंगलीत मारला गेला नाही, याला कॅल्विन महत्त्व देतो. रोमन सुभेदार पिलाताच्या न्यायासनापुढे त्याला अपराधी म्हणून उभं केलं गेलं, आणि त्याच पिलाताने तो निर्दोष असल्याची ग्वाही दिली. दोषी ठरला तो आपल्या जागी, निर्दोष होता तो स्वतः.

यावर तोडीस तोड हल्ला केला तो फाउस्टो सोसिनस या सिएनाच्या विचारवंताने. १५९४ साली छापलेल्या ग्रंथात त्याने म्हटलं की कर्ज फेडलं गेलं असेल तर ते माफ झालं असं म्हणता येत नाही. एकतर फेड, नाहीतर माफी. शिवाय पैशाचं देणं दुसरा भरू शकतो, शिक्षा मात्र ज्याची त्यानेच भोगायची असते. सोसिनसच्या बाजूने बायबलही बोलतं. यहेज्केलचा अठरावा अध्याय बजावतो की बापाचा अपराध मुलगा वाहणार नाही आणि मुलाचा बाप. खरं सांगायचं तर, कोर्टाचं चित्र एकटंच धरून बसलं तर सोसिनसला उत्तर देता येत नाही.

दोनच पक्ष

उत्तर सापडतं ते कोर्टाच्या बाहेर, त्रैक्याच्या शिकवणीत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव आहे या शिकवणीत. आक्षेपात तीन पक्ष धरलेले असतात: रागावलेला देव, अपराधी माणूस, आणि मध्ये ओढलेला तिसराच कोणी निष्पाप येशू. असं असतं तर तो अन्यायच ठरला असता, आणि मी या लेखाची एक ओळही लिहिली नसती. पण ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे क्रुसावर जो आहे, तो देवच आहे. निकयाच्या परिषदेने सोसिनसच्या जवळपास १२७० वर्षं आधी ठरवलेली गोष्ट इथे उपयोगी पडते. पौल करिंथकरांना लिहितो की देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता. अपराध ज्याच्याविरुद्ध झाला, तोच सोसणारा. पक्ष दोनच आहेत, आणि खर्च ज्याने उचलला तो त्यांच्यातलाच एक.

आता सोसिनसची ‘एकतर फेड, नाहीतर माफी’ ही जोडी पाहू. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यात एक चाकर राजाला दहा हजार तालान्त देणं लागतो. एक तालान्त म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशोब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. राजा ती माफ करतो. माफ केल्याने ती रक्कम हवेत विरत नाही. तेवढी तूट राजाच्या खजिन्यात पडते. ज्याने कुणी आयुष्यात एखादी खरी, मोठी क्षमा केली असेल, त्याला हे सांगावं लागणार नाही. क्षमा करणारा नुकसान स्वतः गिळतो, सूड घ्यायचा हक्क सोडतो, आणि ती जखम स्वतःत ठेवून घेतो. फेड आणि माफी इथे एकच होतात, कारण देणारा आणि माफ करणारा एकच आहे. सोसिनस येशूला देव मानत नव्हता. त्याला या दोन्ही गोष्टी एकत्र का आणता आल्या नाहीत, ते यातून कळतं.

पित्याचा राग पुत्रावर निघाला, ही लोकांत रुजलेली भाषा म्हणूनच मला खोटी वाटते. खुद्द कॅल्विन लिहितो की देव पुत्रावर कधीही रागावला होता असं आम्ही म्हणत नाही. ऑगस्टीनचा आधार घेऊन तो हेही सांगतो की ख्रिस्त मेला म्हणून देव आपल्यावर प्रेम करू लागला, असं नाही. त्याचं प्रेम आधीपासूनचं, म्हणून ख्रिस्त आला. हा क्रम उलटा केला की सगळी शिकवण भयंकर होते. दुर्दैवाने अनेक प्रवचनांत तो उलटाच ऐकू येतो.

उरतो यहेज्केल. दुसऱ्याचा अपराध दुसऱ्याच्या माथी कसा? पौलाच्या लेखी ख्रिस्त हा आपल्यापासून वेगळा, परका मनुष्य नाही. एक सर्वांसाठी मेला, म्हणून सर्व मेले, असं तो म्हणतो. बाप्तिस्मा म्हणजे त्याच्या मरणात पुरलं जाणं आणि त्याच्या जीवनात उठणं. आपल्या ऐवजी कुणीतरी मेलं आणि आपण बाजूला उभे राहून सुटलो, असा हा व्यवहार नाही. तो आपल्या वतीने मरतो आणि आपल्याला सोबत घेऊन मरतो. म्हणूनच प्रायश्चित्ताच्या कोणत्याही सिद्धांतात पुनरुत्थान वगळता येत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून तुमच्या पापांतच आहात, असं पौल करिंथकरांना सांगतो. हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. केवळ शिक्षा भोगून प्रश्न सुटला असता, तर शुक्रवारीच सगळं संपलं असतं.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ही बाजू कधी हातची जाऊ दिली नाही. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या आथानेशियसने म्हटलं होतं की पाप ही नुसती चूक असती तर पश्चात्ताप पुरला असता. पण पापामुळे माणसाच्या प्रकृतीतच नाश शिरला आहे, आणि पश्चात्तापाने नाश थांबत नाही. जीवनाचा जो उगम, त्यानेच मरणात उतरावं लागलं. ऑर्थोडॉक्स परंपरेतल्या पुनरुत्थानाच्या चित्रात ख्रिस्त अधोलोकाची मोडलेली दारं पायाखाली घेऊन उभा असतो आणि आदाम व हव्वेला हाताला धरून थडग्यांतून वर ओढत असतो. विसाव्या शतकात स्वीडनच्या गुस्ताफ ऑलेन यांनी हेच विजयाचं चित्र पाश्चात्त्य चर्चला पुन्हा आठवून दिलं.

सोसणाऱ्यांना सांगितलेलं खोटं

या शिकवणीचा एक गैरवापर मला मनापासून छळतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, पिढ्यान्‌पिढ्या दडपलेल्या माणसांना सांगितलं जातं की येशूनेही निमूट सोसलं, तुम्हीही सोसा. हे प्रायश्चित्ताच्या शिकवणीच्या अगदी विरुद्ध आहे. ख्रिस्ताचं मरण एकदाच आणि पुरेसं झालं, असं इब्री लोकांस पत्र पुन्हा पुन्हा बजावतं. त्यात कुणाच्या वळांची भर घालायची उरलेली नाही. शिवाय तो आपण होऊन मेला, कुणाच्या धाकाने नव्हे. यूर्गेन मोल्टमान या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९७२ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवलं की क्रुसावरचा देव चिरडलेल्यांच्या बाजूला सापडतो. अन्याय करणाऱ्यांच्या हातातलं हत्यार म्हणून तो वापरता येत नाही.

याच्या उलट बाजूचा गैरवापर असतो अपराध्याचा. देवाने माफ केलं, आता ज्याचं नुकसान केलं त्याच्याशी माझं काय काम? लेवीयमध्येच याचं उत्तर आहे. सहाव्या अध्यायात फसवून किंवा लुबाडून घेतलेल्या वस्तूबद्दल सांगितलं आहे की आधी ती पूर्ण परत करायची, वर तिचा पाचवा हिस्सा भरायचा, आणि मग दोषार्पण घेऊन याजकाकडे यायचं. येशूनेही डोंगरावरच्या प्रवचनात हाच क्रम ठेवला: वेदीपाशी दान आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. कॅथलिक चर्चच्या पापनिवेदनात धर्मगुरू प्रायश्चित्त म्हणून काही करायला सांगतात, आणि कुणाचं नुकसान केलं असेल तर ते भरून देणं बंधनकारक मानलं जातं. प्रोटेस्टंट मंडळींनी त्या विधीची चौकट सोडली, तरी खऱ्या पश्चात्तापाला फळं यायला हवीत, यावर त्यांचंही एकमत आहे.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात यरीहोच्या जक्कयची गोष्ट येते. जकातदारांचा हा मुखिया उंबराच्या झाडावर चढून बसला होता. येशू खाली थांबला आणि म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरू लागले की हा पापी माणसाकडे पाहुणा म्हणून गेला. तोवर जक्कयने एक पैसाही परत केला नव्हता. त्यानंतर त्याने उभं राहून सांगितलं की अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट देतो. चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरासाठी निर्गममध्ये सांगितलेली भरपाई चौपटच आहे. जक्कयने नियमशास्त्रातला चोराचा दंड आपणहून स्वतःला लावून घेतला. येशू त्याच्या घरी निघाला तो या हिशोबाच्या आधी, आणि यरीहोच्या लोकांची कुरकुर याच क्रमावर होती.